शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

[सोमवार, सकाळचे नऊ. ऑफिसात अजून अंधार. कोपऱ्यात खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा निळसर उजेड.]

शुक्रवारी सातला शेवटचा माणूस बाहेर पडला, त्याला आता 62 तास झाले. इतका वेळ इथे एकच आवाज होता, एका छोट्या पंपाची बारीक घरघर.

काचेवरची ती चिकटपट्टी बघा. पाणी बरोबर तिच्या काठाला हवं. आज अर्ध्या बोटाने खाली आहे. म्हणजे 40 लिटरच्या टाकीतून लिटरभर पाणी उडालं. मीठ मात्र उडत नाही, ते आतच राहतं. शुक्रवारी दर लिटरला 35 ग्रॅम असलेली क्षारता आता 36 ला टेकली आहे. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खाऱ्या टाकीत गोडं पाणी ओतायचं, हे नव्या माणसाला पटतच नाही. पटेपर्यंत त्याने एकदा तरी खारं पाणी ओतलेलं असतं.

[रिकामी टाकी, दोघं उचलून आणताना.]

सुरुवात जागेपासून. समुद्राचं 40 लिटर पाणी म्हणजे 41 किलो. वर काच, वाळू, दगड. एक माणूस कायमचा बसवल्यासारखंच. त्यामुळे फाइलींच्या कपाटावर नको, कोणाच्या टेबलावर तर नकोच. खिडकीतल्या उन्हात शेवाळ माजतं आणि एसीच्या झोतात पाणी झपाट्याने उडतं. वायर प्लगकडे जाताना मधे खाली झोळ घेऊन गेली पाहिजे, म्हणजे ओघळणारा थेंब झोळावरून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. कंटाळवाणी गोष्ट आहे, पण हीच आधी करा.

[बादलीत मीठ. पाणी ढवळणारा पंप.]

स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. ते नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 400 च्या वर कॅल्शियम असतं, शिवाय बरंच काही. म्हणून टाकीसाठी मिळणारं खास मीठ घ्यायचं, आणि पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी पाइपमधून आलेलं तांबंही. कोळंबीच्या जातीच्या जिवांना तांब्याचा अंशही सोसत नाही. मिश्रण रात्रभर ढवळू द्यायचं, सकाळी खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून बघायचं. घनता 1.025 ते 1.026, तापमान 25 अंश.

बादली मात्र स्वतंत्र हवी. फरशी पुसायची बादली कितीही धुतली तरी साबण सोडत नाही.

[टाकीत दगड आणि वाळू. एकही मासा नाही.]

आता सगळ्यात अवघड भाग. काहीही न करणं.

चार ते सहा आठवडे टाकी अशीच राहणार. जाणारा-येणारा प्रत्येक जण विचारणार, ‘मासे कुठे आहेत?’ आणि रोज विचारणार. आत काम चालू आहे, फक्त दिसत नाही. चिमूटभर खाद्य टाकलं, ते कुजलं, अमोनिया झाला. दगडाच्या छिद्राछिद्रांत वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी आहेत, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा आणायचा नाही. मधेच वाळूवर तपकिरी थर चढतो आणि ऑफिस ठरवून टाकतं की प्रयोग फसला. ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, असतात. येतात, जातात.

[दोन केशरी मासे. एक मोठा, एक लहान.]

मग ही जोडी. ऑसेलारिस क्लाउनफिश. टाकीतच पैदास झालेले घ्यायचे, ते कणखर निघतात आणि समुद्रातून काढावे लागत नाहीत. यांना समुद्रफूल (ॲनिमोन, ज्याच्या आसऱ्याला हे मासे समुद्रात राहतात तो जीव) लागतंच असं नाही. उलट समुद्रफूलच माशांपेक्षा नाजूक.

क्लाउनफिश जन्माला येतात ते नर म्हणून. गटात जो सगळ्यात मोठा, तो मादी होतो. ती गेली की तिच्याखालचा नर मादी होतो आणि त्याच्याखालचा त्याच्या जागी सरकतो. वरची जागा रिकामी, की क्रमाने बढती. ऑफिसातल्या लोकांना हे दोनदा सांगावं लागत नाही.

निळा टँग मासाही सगळ्यांना हवा असतो. तो वाढून 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. ही टाकी 45 सेंटिमीटर लांब आहे. विषय संपला.

[दुपार. टाकीभोवती घोळका.]

ऑफिसातली टाकी माशांमुळे बिघडत नाही, माणसांमुळे बिघडते. सगळ्यांची टाकी म्हणजे बारभाईचा कारभार. सकाळी एकाने खाद्य घातलं, दुपारी दुसऱ्याने, संध्याकाळी तिसऱ्याला मासे ‘उपाशी’ वाटले. उरलेलं खाली कुजतं, पुन्हा अमोनिया. खाद्याचा डबा एकाच्याच ड्रॉवरमध्ये राहू द्या. तो रजेवर गेला तर आठवड्याच्या गोळ्यांची डबी असते ना, तिच्यात एकेका दिवसाचं खाद्य मोजून ठेवायचं. शनिवार-रविवार काहीच घातलं नाही तरी धडधाकट माशाला चालतं.

हाताला सॅनिटायझर असेल तर हात पाण्यात नको. काचेचा स्प्रे फडक्यावर मारायचा, टाकीवर नाही. आणि कीटकनाशकाची फवारणी व्हायची असेल, तर आदल्या दिवशी कळलंच पाहिजे. झुरळाला मारणारं औषध टाकीतल्या कोळंबीला सोडत नाही, दोघं लांबचे नातेवाईक आहेत.

1846 मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळ्याच्या जातीचे जीव लंडनला घरी आणले होते. वीज नाही, पंप नाही. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. ते जीव जगले. काम एकाच व्यक्तीकडे सोपवलेलं होतं, हेही त्याचं एक कारण असावं, असं आपलं मला वाटतं.

लहान टाकीचा एक फायदा मात्र मोठी टाकी देऊ शकत नाही. दर आठवड्याला 4 लिटर पाणी बदललं की झालं. एक बादली, वीस मिनिटं.

[शुक्रवार, संध्याकाळ.]

एसी बंद झाला की बंद खोली तापते. हीटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. त्यासाठी काठावर छोटा पंखा. पंख्याने पाणी जास्त उडतं, म्हणून शेजारी गोड्या पाण्याचा 5 लिटरचा कॅन आणि पातळी घसरली की भर घालणारा सेन्सर. कॅन मुद्दाम लहान. सेन्सर अडकलाच, तर सगळं गोडं पाणी आत जाईल, आणि ते फार असता कामा नये. पंप कॉम्प्युटरच्या यूपीएसवर. हीटर नाही, तो बॅटरी पिऊन टाकतो.

शेवटचा धोका विजेच्या बटणांच्या बोर्डावर आहे.

[रखवालदार एकेक बटण बंद करत येतो. लाल पट्टी लावलेल्या बटणाशी थांबतो.]

हे बटण तो सोडतो. टॉर्च टाकीवर फिरते. दगडाखालून कोळंबीच्या लांब पांढऱ्या मिशा बाहेर येतात, मागे कात टाकून ठेवलेली असते. सोमवारी कोणीतरी ती बघून ‘कोळंबी मेली’ असा मेल सगळ्या ऑफिसला पाठवणार.