शोधसूत्र रचणारे ग्रंथपाल

पडद्यावर दिसणारी ही पांढरी चौकट पबमेडची आहे. अमेरिकेत, मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९६ साली ही शोधसेवा सुरू केली. तिच्यात आजाराचे नाव टाइप केले की निबंधांची यादी संपता संपत नाही. मात्र तो आजार किंवा त्यावरील औषध स्त्रियांच्या बाबतीत वेगळे वागते का, हे विचारू लागले की उत्तर सहजी हाती लागत नाही.

अ‍ॅस्पिरिनचेच पाहा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या चाचणीत २२,०७१ डॉक्टर सहभागी होते आणि ते सगळे पुरुष होते. त्यांच्यात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे प्रमाण घटले. २००५ साली ३९,८७६ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा झटक्याचे प्रमाण एकूणात घटलेले दिसले नाही, पक्षाघाताचे मात्र घटले.

असे निबंध शोधायचे कसे? अभ्यासात स्त्रिया असल्या की ग्रंथालयाच्या सूचीत त्या निबंधाला ‘फीमेल’ ही खूण जोडली जाते. स्त्रियांचे निष्कर्ष स्वतंत्र मांडले आहेत की पुरुषांच्या आकड्यांत मिसळून टाकले आहेत, हे त्या खुणेवरून कळत नाही. शिवाय एक संशोधक ‘सेक्स डिफरन्सेस’ लिहितो, दुसरा ‘जेंडर’, तर तिसरा नुसतेच ‘विमेन’.

टेक्सास टेक विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान केंद्रात हा गुंता सोडवण्याचे काम हाती घेण्यात आले. सूचीतील अधिकृत संज्ञा आणि लेखकांनी वापरलेले शब्द कंसांत बांधून, ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांनी जोडून एक लांबलचक शोधसूत्र तयार झाले आणि २०१६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आता डॉक्टरांनी फक्त आजाराचे नाव लिहायचे. बाकीचे सूत्र त्याला आपोआप जोडले जाते. बाहेर रुग्ण ताटकळत असताना कोणता डॉक्टर हे सूत्र स्वतः रचत बसेल? शब्दांची ही निवड हेही वैद्यकीय कामच आहे, आणि त्याचे श्रेय ग्रंथपालांना क्वचितच मिळते.

ग्रंथपालांनी रुग्णशय्येपर्यंत जाण्याची वाट त्याआधीच पडली होती. १९७१ साली कॅन्सस सिटी येथे गर्ट्रूड लॅम्ब यांनी वैद्यकीय ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डातील फेरीत सामील करून घेतले. तेथे निघालेला प्रश्न टिपून घ्यायचा, ग्रंथालयात जाऊन निबंध काढायचे आणि ते उपचार करणाऱ्यांच्या हाती द्यायचे, अशी ही पद्धत होती.

स्त्रियांविषयीचे असे निष्कर्ष हाती आले की उपचारही बदलतो. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या रक्तात सकाळपर्यंत अधिक प्रमाणात उरते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा निम्म्यावर आणली.