शब्दामागचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

या क्षणी माझा आवाज आपल्या कानांवर पडतो आहे, पण आपण मला पाहू शकत नाही. तरीही या आवाजामागे कोणीतरी माणूस असणार, त्याने हे शब्द जुळवले असणार आणि त्यांची जबाबदारीही त्याने घेतलेली असणार, असे आपण फारसा विचार न करता धरून चालता. नभोवाणी सुरू झाल्यापासून बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातला सगळा व्यवहार याच विश्वासावर चालत आलेला आहे. आता मात्र एखाद्याच्या आवाजाची काही सेकंदांची ध्वनिफीत हाती आली, तरी त्याच्या आवाजात हवे ते वाक्य वदवून घेणारी साधने उपलब्ध झाली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शिक्षणात, राजकारणात आणि रोजच्या जगण्यात होत असलेल्या बदलांविषयी मला आज बोलायचे आहे, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: शब्द आणि त्यामागचा माणूस यांची होऊ लागलेली ताटातूट.

हे तंत्र वाटते तितके नवे नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका प्रस्तावात वापरले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात त्या विषयावर पहिली बैठक भरली. त्यानंतर कित्येक वर्षे संशोधकांनी संगणकाला नियम शिकवून पाहिले. पुढे नियमांऐवजी असंख्य उदाहरणे दाखवून त्याला स्वतःच शिकू देण्याचा मार्ग यशस्वी ठरला. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेने भाषेच्या बाबतीत मोठी झेप घेतली आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वसामान्यांसाठी खुले झाले. या यंत्राचे मूळ काम ऐकायला अगदी साधे आहे. प्रचंड मजकूर वाचून, कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा अंदाज ते बांधते आणि शब्दामागून शब्द ठेवत जाते. तशा घाटाची वाक्ये त्याने अगणित वेळा पाहिलेली असल्यामुळे त्याचे वाक्य सफाईदार उतरते. ते खरे आहे की नाही, हा प्रश्न त्या सफाईत कोठेच सुटलेला नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी या यंत्राने सुचवलेले खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. ते खटले कधी चाललेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला, तो त्या वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला. शब्द यंत्राचे असले तरी खाली सही माणसाची होती, एवढे त्या दिवशी न्यायालयाने स्पष्ट केले.

शिक्षणाविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्या मते सर्वांत खोल परिणाम तेथेच होतो आहे. १९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने एक तुलना मांडली. एका बाजूला नेहमीच्या वर्गात शिकलेली मुले होती आणि दुसऱ्या बाजूला स्वतंत्र शिक्षक मिळालेली मुले. स्वतंत्र शिक्षक मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलेला त्यांना आढळला. पुढच्या अभ्यासांत हे अंतर इतके मोठे दिसले नाही, पण दिशा तीच राहिली. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही, म्हणून ब्लूम यांचा प्रश्न चाळीस वर्षे तसाच राहिला, आणि आता त्याचे उत्तर सापडले असे पुष्कळांना वाटते आहे. त्यात तथ्यही आहे. जे मूल वर्गात हात वर करायला लाजते, ते यंत्राला एकच शंका सात वेळा विचारू शकते. ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, त्याला रात्री अकरा वाजताही समीकरण समजावून मिळते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तकातल्या आकृतीचे वर्णन फोन वाचून दाखवतो. या सोयींचे मोल ज्यांना त्या जन्मापासून लाभल्या आहेत, त्यांनी कमी लेखू नये.

पण याच ठिकाणी एक प्रयोग आपण लक्षपूर्वक समजून घ्यावा, असे मला फार वाटते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानातील जवळजवळ एक हजार शाळकरी विद्यार्थ्यांचे तीन गट करून गणिताचा सराव घेतला. पहिल्या गटाला चॅटजीपीटीसारखे साधे साधन दिले. दुसऱ्या गटाला दिलेले साधन शिक्षकांच्या मदतीने असे घडवलेले होते, की ते थेट उत्तर न देता पुढच्या पायरीची सूचना देई. तिसऱ्या गटाजवळ फक्त पुस्तक आणि वही होती. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी सरस ठरली. त्यानंतर साधने काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट पुस्तक-वहीवाल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. सूचना मिळालेला गट मागे पडला नाही, पण पुढेही गेला नाही. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. आपण कमी शिकलो, हे पहिल्या गटातल्या मुलांच्या लक्षातच आले नव्हते.

याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या निबंधाची जगाला गरज नसते. पहिले वाक्य सुचत नाही, सुचलेले खोडावे लागते, मनात स्पष्ट वाटलेला विचार कागदावर उतरताना अर्धवट निघतो, आणि मग तो पुन्हा विचारात घ्यावा लागतो. ही जी ओढाताण आहे, तिची त्या मुलाला गरज असते. निबंध हा त्या ओढाताणीचा मागे उरलेला पुरावा. आजवर पुरावा हाती आला की कष्ट झाले असणार, हे शिक्षकाला गृहीत धरता येत होते. ते गृहीतक आता गेले, आणि ते परत आणता येईल असे मला वाटत नाही. मजकूर यंत्राचा की माणसाचा हे ओळखणारी साधने निघाली आहेत, पण त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि ते पुरेसे अचूक नाही म्हणून त्याच वर्षीच्या जुलैत मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले होते. परक्या भाषेत मोजक्या शब्दांत, साध्या वाक्यांत लिहिणे, हाच त्या मुलांचा दोष ठरला. स्वतः लिहिलेल्या पानाबद्दल ‘हे तू लिहिलेले नाहीस’ असे ऐकावे लागलेल्या मुलाचा चेहरा ज्या शिक्षकाने पाहिला आहे, तो असल्या साधनाचा आधार घेऊन पुन्हा कोणावर ठपका ठेवणार नाही.

मग उरतो तो जुनाच मार्ग: मुलाला समोर बसवून ‘हे तू असे का लिहिलेस’ म्हणून विचारणे, पहिला कच्चा खर्डा पाहणे, तोंडी परीक्षा घेणे. यात अवघड काहीच नाही, फक्त वेळ लागतो. साठ मुलांच्या वर्गात तो वेळ कोठून आणायचा, याचे उत्तर शाळा चालवणाऱ्यांनी आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्यांनी द्यायचे आहे. यंत्रे विकत घेण्यासाठी तरतूद होते आणि शिक्षकांच्या जागा मात्र रिकाम्या राहतात, असे जेथे घडेल, तेथे ब्लूम यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणणे ही मुलांची फसवणूक होईल.

राजकारणात हीच ताटातूट अधिक उघडपणे दिसते. स्लोव्हाकियामध्ये ३० सप्टेंबर २०२३ रोजी मतदान होते. त्याच्या दोन दिवस आधी मिखाल शिमेच्का या विरोधी नेत्याच्या आवाजातली एक ध्वनिफीत समाजमाध्यमांवर पसरली. निवडणुकीत गैरप्रकार कसे करायचे, याची चर्चा तीत ऐकू येत होती. ती बनावट होती, पण प्रचारबंदीचा काळ असल्यामुळे खुलासा सर्वत्र पोहोचवणे अवघड झाले. त्या एका फितीमुळे निकाल फिरला, असे म्हणता येणार नाही. तरीही खोट्याला पसरायला दोन दिवस पुरतात आणि खऱ्याला ते पुरत नाहीत, हे त्यातून दिसले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हजारो मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या आवाजात फोन आले आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने पुढच्याच महिन्यात अशा फोनमध्ये कृत्रिम आवाज वापरणे बेकायदा ठरवले आणि हा प्रकार घडवणाऱ्या सल्लागाराला नंतर साठ लाख डॉलरचा दंड केला. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये पाकिस्तानात तुरुंगात असलेल्या इम्रान खान यांचे भाषण त्यांच्या पक्षाने यंत्राने घडवलेल्या आवाजात ऐकवले, पण तो आवाज यंत्राचा असल्याचे सांगून. तंत्र तेच होते. श्रोत्यांना विश्वासात घेतले होते, एवढाच फरक होता, आणि माझ्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

बनावट फितीपेक्षाही मला दुसऱ्या एका गोष्टीची भीती अधिक वाटते. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकन कायदेतज्ज्ञांनी तिला ‘लबाडाला मिळणारा लाभांश’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. सगळेच बनावट असू शकते हे एकदा लोकांच्या मनात ठसले, की खरोखर लाच घेताना पकडला गेलेला माणूसही ‘ती फीत यंत्राने बनवलेली आहे’ असे सांगून मोकळा होऊ शकतो. मतदाराने सगळेच खरे मानणे जितके घातक, तितकेच त्याने काहीच खरे न मानणे घातक आहे.

रोजच्या जगण्यात आपण या यंत्राशी बोलतो, त्याच्याकडून पत्र लिहून घेतो, कधी मनातले दुःखही त्याला सांगतो. हेही जुनेच आहे. १९६६ साली संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाची एक छोटी आज्ञावली जाहीर केली. समोरच्याचेच वाक्य उलटे फिरवून प्रश्न म्हणून परत करण्यापलीकडे तिला फारसे काही येत नव्हते. पण वायझेनबाउम यांच्या सचिव तिच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. माणसाला ऐकणारे कोणीतरी हवे असते, ही त्यातली खरी गोष्ट. तिच्यात त्या सचिवांचा काहीच कमीपणा नव्हता.

मात्र यंत्र आपल्याशी बोलते तेव्हा निदान ते समोर असते. ते आपल्याविषयी निर्णय घेते, तेव्हा ते दिसतही नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात कोण फसवणूक करत असेल, हे हेरण्यासाठी कर खात्याने जोखीम मोजणारी संगणकीय पद्धत वापरली आणि तीत अर्जदाराच्या नागरिकत्वाचाही विचार होत होता. हजारो पालकांवर चुकीचे आरोप झाले, न झालेल्या फसवणुकीची भरपाई त्यांच्याकडून मागण्यात आली, आणि कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला या प्रकरणी राजीनामा द्यावा लागला. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने, आपल्यावर गंभीर परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला असेल, तर माणसाने त्यात लक्ष घालावे, अशी मागणी करण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. जेथे असा हक्क कायद्यात लिहिलेला नाही, तेथेही अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र हाती आले, की हे कोणी ठरवले असे आपण विचारू शकतो. आणि ‘संगणकाने ठरवले’ असे उत्तर आले, तर तो संगणक तेथे कोणी बसवला, असे त्यापुढे विचारता येते.

नमस्कार.