सुटा भाग नको, जोडी आणा

(जुन्या उघड्या जीपच्या पुनर्बांधणीवर तालुक्याच्या गावी मेकॅनिक मंडळी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आपल्या विदर्भात जुनी उघडी गाडी म्हणजे जीप. हूड उतरवली की डोक्यावर आभाळ, आणि काच पुढं बोनेटवर आडवी पाडली की समोरही काही नाही. मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेल्या या गाड्या आजही कितीतरी वाड्यांमध्ये, कोठ्यात, निंबाखाली उभ्या आहेत. अमेरिकेतल्या विलीज कंपनीनं यातली सीजे-३बी ही जीप १९५३ साली आणली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये थांबली, पण महिंद्रानं आपल्याकडे ती त्यानंतरही बरीच वर्षं बांधली. म्हणून तिचे भाग अजून मिळतात. अडचण वेगळीच आहे. मिळालेले भाग एकमेकांशी जमत नाहीत.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे. भंगारातून सुटा भाग आणू नका, तो ज्याच्याशी जुळतो त्याच्यासकट आणा. इंजिन घेतलं तर फ्लायव्हील, बेल हाऊसिंग, स्टार्टर, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि रबरं त्याच गाडीची घ्या. एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राऊन घेतला तर त्याच्याच सोबत झिजलेला छोटा पिनियन घ्या. पाचशे रुपये वाचवायला निम्मा संच उचलला की पुढं लेथवर पाच हजार जातात, आणि एवढं करूनही आवाज राहतोच.

आधी कागद. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. चेसीस नंबर तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ वाचा, आरसीशी ताडून पाहा आणि मगच पान्हा हातात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. पेट्रोलच्या जागी डिझेल टाकायचं असेल तर परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारा आणि परवानगी हाती आल्यावरच जुनं इंजिन उतरवा. भंगारातलं इंजिन पक्क्या बिलावर घ्या, बिलावर इंजिन नंबर हवाच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चेसीस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. तेव्हा गाडी जपायची की रोज वावरात न्यायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दोन्ही एकाच गाडीत साधत नाही.

आता चेसीस. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि चेसीसच्या पन्हाळीत गच्च बसते. तिच्यात ओल महिनोन्‌महिने राहते. त्यातच मागच्या हौद्यात युरियाची आणि सुपर फॉस्फेटची पोती वाहिलेली असतील तर पत्रा आतून खाल्लेला असतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून हातोडीच्या टोकानं पूर्ण लांबी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथं खडूची खूण करा. सगळ्यात आधी स्प्रिंगचे हँगर, मागचा आडवा पत्रा आणि बॉडीचे माउंटिंग बघा. मग चेसीस सपाट फरशीवर ठेवून चार ठिकाणांहून ओळंबा सोडा, फरशीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांतला फरक पाच मिलिमीटरच्या वर गेला तर चेसीस वाकली आहे, आधी ती सरळ करून घ्या. पॅच मारताना पट्टी चौकोनी कापू नका, शंकरपाळ्यासारखी कापा. सरळ उभा वेल्ड टाकला की चेसीस नेमकी त्याच रेषेत तुटते. वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर आडवा वेल्ड मुळीच नको. पाणी निघायची भोकं मोकळी करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच माती.

स्टेअरिंगकडे येऊ. चाळीसच्या वेगात खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं थडथडतात आणि हातातलं चाक सुटू पाहतं, हे जीपचं जुनं दुखणं. लोक टायर बदलतात, डॅम्पर लावतात. मूळ मात्र बहुतेक वेळा नकलच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या, वरच्या-खालच्या बेरिंगमध्ये असतं. हा बघा, माझ्या हातातला हा पातळ पत्र्याचा शिम. असे शिम वरच्या आणि खालच्या टोपीखाली असतात. बेरिंग झिजलं की ढिलाई येते. नवं बेरिंग घातलं आणि शिम जसेच्या तसे ठेवले, तरी काम अर्धंच राहतं. ऑइल सील काढून, टाय रॉड सोडवून, नकलच्या आर्मच्या भोकात ताणकाटा अडकवा आणि ओढा. साडेपाच ते सात किलोच्या दरम्यान नकल फिरायला हवं. त्याआधीच फिरलं तर शिम कमी करा, जास्त जोर लागला तर वाढवा. वर आणि खाली शिम सारखेच काढा किंवा घाला, नाहीतर एक्सलचा आतला जॉइंट मध्यावरून सरकतो. काटा कापूस मोजायचा मोठा घेऊ नका, त्यावर सहा-सात किलो नीट वाचता येत नाहीत. दहा किलोचा छोटा घ्या. त्यानंतर पुढच्या क्रॉस मेंबरवरचा (आडव्या पत्र्यावरचा) बेलक्रँक, म्हणजे स्टेअरिंगचा जोर टाय रॉडकडे वळवणारा तुकडा, हलवून पाहा. त्याचा बुश गेला असेल तर सगळी मेहनत वाया जाते. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून आत झुकल्याचं माप, सव्वा ते अडीच मिलिमीटर ठेवा.

मागचा-पुढचा एक्सल. सीजे-३बीच्या क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतात, म्हणजे प्रमाण ५.३८. भंगारात मागचा एक्सल एका गाडीचा, पुढचा दुसऱ्या गाडीचा असा मिळाला तर दोघांचं प्रमाण एकच आहे याची खात्री करा. न उघडता मोजता येतं. एक चाक जमिनीवर घट्ट धरा, दुसरं उचला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि एक्सलला ताकद आणणाऱ्या लांब दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. डिफरन्शियलमुळे एक चाक अडवलं की दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून दोन फेरे. शाफ्ट पाच फेरे आणि वर फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला तर ५.३८. मागचं-पुढचं प्रमाण वेगळं असलं आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावलं, तर ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी पेटी, आतल्या आत पिळली जाते आणि शेवटी दात तुटतात.

ब्रेकवर मात्र मी थांबणार आहे, कारण इथं चूक झाली तर माणसं मरतात. मूळ गाडीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम, ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर पायाखाली फरशीच्या खाली, आणि सर्किट एकच. एक रबरी नळी (होज) फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून पहिली सुधारणा दोन भागांच्या मास्टर सिलिंडरची करा. पुढं डिस्क लावायची असेल तर डिस्क, कॅलिपर, हब आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्या. मास्टरचा बोअर आणि कॅलिपरचा पिस्टन यांचं माप जुळलं नाही तर पेडल एक तर दगडासारखं होतं, नाहीतर फरशीला टेकतं. आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा वाल्व असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासतात, हब तापतो आणि ग्रीस वितळून बाहेर येतं. तो काढा. पण मास्टर फरशीखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असेल तर तेल मागं उतरतं आणि पहिल्या दाबाला पेडल पोकळ जातं. त्यासाठी डिस्कच्या लाइनवर दोन पीएसआयचा वेगळा वाल्व लागतो. ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल गेलं की रबरी कप फुगतात आणि ब्रेक सुटत नाही.

डिझेल इंजिन बसवणाऱ्यांनी हेही ऐका. पेट्रोल इंजिन ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम देतं, डिझेल देत नाही, कारण त्याला थ्रॉटल नसतो. म्हणून अल्टरनेटर घेताना मागं व्हॅक्यूम पंप असलेला घ्या, आणि त्याची ऑइल येण्याची व परत जाण्याची नळीही सोबत घ्या. ती नळी भंगारात पडून राहिली तर पंप काही दिवसांत चिकटतो.

महिंद्राच्या एमएम ५४० आणि आर्माडामधलं प्युजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं इंजिन आपल्याकडे सगळ्यात जास्त बसवलं जातं. ते घेताना गार इंजिन चालू करून पाहा. गरम करून ठेवलेलं इंजिन कुठलाच दोष दाखवत नाही. हीटर प्लग दिल्यावर लगेच सुरू व्हायला हवं. ऑइलची टोपी काढा. तिथून धूर जोरात फेकला जात असेल तर रिंगा गेल्या. क्रँक आधी घासलेला आहे का, दहा साईज, वीस साईज की तीस साईज (म्हणजे इंचाचे किती हजारावे भाग), हे विचारा आणि बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा वाचा. तीसच्या पुढं गेलेला क्रँक घेऊ नका. शक्य असेल तर इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाच गाडीचे जोडलेलेच उचला. वेगळ्या गिअरबॉक्सला मधली प्लेट बनवून जोडलं आणि मध्य ०.१ मिलिमीटरनंही हुकला, तर क्लच थरथरतो आणि इनपुट शाफ्टचं बेरिंग बसतं. संच लांब चेसीसच्या गाडीचा असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा करावा लागेल. कापल्यावर तो बॅलन्स करून घ्या आणि दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट एकाच रेषेत बसवा.

टॉप गिअरमध्ये, ५.३८ प्रमाण आणि ६.००-१६ टायर असले की ६० च्या वेगात इंजिन सुमारे २,४०० फेरे घेतं, ८० ला ३,१०० च्या वर. ही गाडी ८० ला पळवायची नाही, हे मालकाला आधीच सांगा.

मूळ पेट्रोल इंजिन ठेवणाऱ्यांचा मी मनापासून आदर करतो. त्या इंजिनाचा इनटेक वाल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो, म्हणूनच ते उंच आहे आणि बोनेटही उंच आहे. गार असताना फटी अशा ठेवा: इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच, पॉइंट ०.०२० इंच, प्लग ०.०३० इंच. सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग) १-३-४-२. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी ओढून टाकीला गंज आणतं. पंपाचा डायफ्राम आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला. गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका.

आपल्याकडचा मे महिना पंचेचाळीसच्या वर जातो. गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. तसं करू नका. थंडीत इंजिन गारच राहतं आणि झीज वाढते. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये बसलेला क्षार असतो. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की पाण्याच्या वाटा चुनखडीनं भरतात. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या, म्हणजे वेल्च प्लग काढा, आत तार घालून खरवडा, उलट्या दिशेनं पाणी सोडा. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर नसेल तर बनवून घ्या. तो नसला की पंखा तीच गरम हवा घोळवत बसतो.

वायरिंगबद्दल थोडक्यात. घरातली वायर वापरू नका. १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे दहा अँपिअर, त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर, रिले आणि फ्यूज.

हूडचा कॅनव्हास सुती असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवा. पहिल्या पावसात तो आकसतो आणि मग बटणं जुळत नाहीत. शिवण पॉलिस्टर दोऱ्यानं, ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घ्या. ओली हूड घडी करून ठेवली तर बुरशी धरते.

गाडी उतरली की लगेच लग्नाच्या वरातीत पाठवू नका. पहिले पन्नास किलोमीटर गावाच्या आसपास चालवा. मग स्प्रिंगचे यू-बोल्ट, चाकांचे नट, बेल हाऊसिंगचे बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे नट पुन्हा कसा. चारही हबला हात लावून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर त्याच चाकाचा ब्रेक उघडा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर पडलेला थेंब इंजिनचा, गिअरबॉक्सचा की ब्रेकचा, हे रंगावरून आणि वासावरून ओळखा. ब्रेक ऑइलचा एक थेंब जरी दिसला, तरी त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.