मूळव्याध नावाचे गाठोडे
(गोव्यातल्या फोंड्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, बाहेरच्या फलकावर विषय ‘गुदविकार’ असा लिहिला आहे. लिहिणाऱ्याला संकोच वाटला असावा. मूळव्याध हा जुना, घरगुती शब्द लिहिला असता तरी कोणी उठून गेले नसते. तरी झाले ते बरेच झाले, कारण माझे भांडण मूळव्याध याच शब्दाशी आहे.

खालून रक्त गेले, मूळव्याध. बसताना दुखले, मूळव्याध. खाज सुटली, पू आला, गाठ हाताला लागली, सगळ्याला एकच नाव. एकदा नाव मिळाले की माणसाला वाटते, निदान झाले. मग शेजारी औषध सुचवतो, औषधाच्या दुकानातून मलमाची नळी येते, आणि तपासणी राहते ती राहतेच. सुश्रुताने आठ महाव्याधी सांगितल्या, त्यांत अर्श, म्हणजे मूळव्याध, वेगळा मोजला आणि भगंदर वेगळा मोजला. त्याने सोडवून ठेवलेले आपण पुन्हा एका गाठोड्यात बांधले.

आता गाठोडे सोडू. गुदमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरांचा. आतल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, मुख्य तीन. त्या तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या असतात आणि वारा-पाणी अडवून धरायला मदत करतात. म्हणजे गादी हा रोग नव्हे. वर्षानुवर्षे कुंथल्याने ती फुगते, तिचे आधाराचे धागे सैल होतात आणि ती खाली घसरते, तेव्हा तिला आपण कोंब म्हणतो. बाहेरच्या कडेपासून सुमारे 2 सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा आहे. तिच्या वर सुई टोचली तरी दुखत नाही, खाली मात्र केस ओढला तरी कळतो. आतली मूळव्याध रेषेच्या वर. म्हणून ती रक्त देते, पण सहसा दुखत नाही. आपल्याकडे नेमके उलटे चालते. दुखले की माणूस धावतो, आणि न दुखता रक्त गेले तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोलकढी पितो. सोलकढी प्या, चांगलीच असते, पण रक्त जिथून येते तिथपर्यंत तिचा हात पोचत नाही.

मग दुखते ते काय? बहुतेकदा चीर, म्हणजे फिशर. कडक मल उतरताना कातडी फाटते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, माकडहाडाकडे. काच फिरल्यासारखी कळ येते आणि नंतर तास-दोन तास ठणका राहतो. त्या भीतीने माणूस परसाकडे जाणे टाळतो, मल आणखी वाळतो, चीर पुन्हा फाटते. बाहेरच्या कडेला अचानक वाटाण्याएवढी निळसर, टणक, दुखरी गाठ आली तर आत रक्त गोठलेले असते. पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. त्या 72 तासांत शल्यवैद्याकडे पोचलात तर गाठ काढून चटकन आराम पडतो. त्यानंतर ती आपोआपच जिरू लागते, मग कापण्यात फारसा अर्थ उरत नाही. गुदद्वाराशेजारी फोडासारखे तोंड भरते, फुटते, सुकते, पुन्हा भरते, तो भगंदर. मलमाने तो कधीच बुजत नाही, कारण आत नळी तयार झालेली असते.

परसाकडे! शब्द अजून मागच्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, जातो आणि माणूस मोबाईल घेऊन कमोडवर बसतो. बैठक 5 मिनिटांची हवी. अर्धा तास बसलात तर त्या गाद्या नुसत्या लोंबत राहतात आणि रक्ताने भरत जातात. कमोडच असेल तर पायाखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्या आणि थोडे पुढे झुका, वाट सरळ होते. उकिडवे बसणाऱ्या आजोबांना हे शिकवावे लागत नव्हते.

आणि आपले शीत-कडी, म्हणजे भात आणि मासळीची आमटी! मल मऊ ठेवणारे तंतू (फायबर) मासळीत शून्य, पॉलिश केलेल्या तांदळात नावाला. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू लागतात. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 11 ग्रॅम मिळतात, म्हणून अंबील काही फक्त उन्हाळ्याची नाही. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोय घ्या. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, रोज चालेल. इसबगोल घेणार असाल तर चमचा-दोन चमचे, पण पेलाभर पाण्यात, आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडा गिळला तर तो आतच फुगून बसतो आणि व्हायचे ते उलटे होते.

आता माझा खरा राग. ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मुळापासून’ अशी पत्रके बसस्टँडच्या भिंतीवर असतात. इंजेक्शन ही खरी पद्धत आहे. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या आतल्या कोंबांसाठी, रेषेच्या वर, मोजक्या मिलिलिटरमध्ये, दुर्बिणीतून बघत देतात. पत्रकवाल्याच्या बाटलीवर नावच नसते. सुई रेषेखाली गेली तर माणूस किंचाळतो. फार खोल गेली तर पुरुषांत मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीला इजा होते, लघवीतून रक्त जाते. कातडी जाळणारे औषध लावले तर व्रण आकसतो, वाट अरुंद होते आणि मल पेन्सिलीएवढा उतरतो. मग जे ऑपरेशन करावे लागते ते मूळव्याधीच्या ऑपरेशनपेक्षा अवघड. आणि पैसे परत मागायला गेलात तर भिंतीवरचे पत्रक तेवढे…

चिठ्ठी आली. जत्रेच्या नाटकाची तालीम आठ वाजता इथेच आहे, कलाकार दारात उभे आहेत. म्हणजे जे सांगायचे राहिले, डॉक्टरकडे कधी जायचे, ते आता धावत.

रक्ताचा रंग बघा. लालभडक, मलावर वरून लागलेले किंवा शेवटी थेंबथेंब पडणारे, ते खालचे. काळपट आणि मलात मिसळलेले असेल तर गुदमार्गाच्या वरचे आतडे तपासावे लागते. मल डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा असेल तर रक्त बहुधा जठरातले, त्याच दिवशी जा. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, पण चिकट होत नाही. बीट खाल्ल्यावर घाबरू नका. कोंब चार पायऱ्यांचे: बाहेर न येणारा, येऊन आपोआप आत जाणारा, बोटाने ढकलावा लागणारा, आणि ढकलूनही न जाणारा. पहिल्या दोहोंत आहार आणि गरज पडली तर इंजेक्शन किंवा कोंबाच्या मुळाशी बसवलेला रबर बँड, तिसऱ्यातही बँड बऱ्याचदा चालतो, चौथ्यात सहसा शस्त्रक्रिया.

चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त गेले, शौचाची सवय 3 आठवड्यांहून अधिक काळ बदलली, वजन उतरले, दम लागतो, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता, तर ‘जुनी मूळव्याध’ म्हणू नका. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही, पण कर्करोग मूळव्याधीच्या नावाखाली लपतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना सांगा.

रक्त थांबत नाही, गाठी पडतात, घेरी येते, ठणक्याबरोबर ताप, कोंब बाहेर अडकून काळानिळा झाला, लघवी अडली. यातले एक जरी झाले तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करा. बाकीच्यांनी कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा बसावे. स्टेरॉइडचे मलम आठवड्यापेक्षा जास्त नको, कातडी पातळ होते. आठवड्यात फरक नाही तर तपासणी. डाव्या कुशीवर झोपायचे, गुडघे पोटाशी, बोटाने आणि छोट्या दुर्बिणीने बघतात, दोन मिनिटांचे काम.

खुर्च्या उचलायला लागले वाटते. प्रश्न ओसरीवर विचारा, हळू आवाजात विचारले तरी चालेल.