‘लार्जां’: पाचशे फ्रँकची खोटी नोट

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ‘लार्जां’, म्हणजे ‘पैसा’, या फ्रेंच चित्रपटाबद्दल. दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा हा शेवटचा चित्रपट, १९८३ सालचा. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा गौरव त्यांना आणि रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्की यांना विभागून मिळाला.

कथा पॅरिसमध्ये सुरू होते. नॉर्बेर या शाळकरी मुलाला वडिलांनी दिलेले पैसे पुरत नाहीत. मित्र त्याला ५०० फ्रँकची बनावट नोट देतो आणि दोघं ती फोटोच्या दुकानात एक फ्रेम घेऊन खपवतात. दुकानदाराच्या ते लक्षात येतं. पण नुकसान सोसायचं सोडून तो ही नोट, आधी गळ्यात पडलेल्या आणखी दोन खोट्या नोटांसकट, तेल पोचवायला आलेल्या इव्हाँच्या हातावर टेकवतो. इव्हाँ कॅफेत पैसे द्यायला जातो आणि अडकतो. पोलीस त्याला दुकानात आणतात, तेव्हा तिथला नोकर ल्युस्याँ सांगतो, मी या माणसाला ओळखत नाही.

माझ्या मते चित्रपटातला खरा अपराध इथे घडतो. पुढे नॉर्बेरची आई दुकानातल्या बाईंना पैसे देऊन तोंड बंद ठेवायला लावते, म्हणजे घरच्यांची अपराधी भावनाही रोख व्यवहारात मिटते. इव्हाँकडे मिटवायला पैसे नाहीत. त्याची नोकरी जाते. दरोड्यात गाडी चालवल्याबद्दल तीन वर्षांची कैद होते. तो आत असताना मुलगी घटसर्पाने दगावते, बायको पत्र लिहून संबंध तोडते. साठवलेल्या गोळ्या तो एकदम घेतो, पण त्याला वाचवलं जातं. सुटून आल्यावर तो खून करतो.

हा चित्रपट पाहताना हमखास फसगत होते ती चेहऱ्यांमुळे. ब्रेसाँ सराईत नट घेत नसत. नवख्या माणसांकडून तेच वाक्य, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेत, इतकी की अभिनयाचा अंशही उरू नये. त्यामुळे इव्हाँच्या चेहऱ्यावर दुःख शोधायला गेलात, तर सगळं कोरडं वाटेल. त्याऐवजी हातांकडे बघा: नोट कोण देतं, कोण घेतं, पाकीट कुठे जातं.

आणि ऐका. आवाजाने काम होत असेल तर तिथे चित्र वापरू नये, हा त्यांचा नियम होता. सुटकेनंतर इव्हाँला आसरा देणाऱ्या बाईला तिचा म्हातारा बाप थोबाडीत मारतो, तेव्हा आपल्याला ऐकू येतो तो फटका आणि दिसते हिंदकळणारी कॉफी. हॉटेलातले खून दाखवलेच नाहीत. दिसतं ते वॉशबेसिनमधलं लाल पाणी. शेवटच्या हत्याकांडात खोल्याखोल्यांतून कुत्रा केविलवाणा आवाज काढत धावतो आणि घरात काय झालं ते त्याच्या मागे जाताना आपल्याला कळतं. म्हणून मोबाइलच्या बारीक स्पीकरवर हा चित्रपट बघू नका, निम्मा हातचा जाईल. हेडफोन लावा आणि एका बैठकीत बघा. लांबी दीड तासाहूनही कमी आहे. दृश्य मध्येच तुटल्यासारखी वाटतात, बऱ्याच घटना दोन दृश्यांच्या फटीत घडून जातात. पाच मिनिटं उठलात तर धागा सुटतो.

मूळ आधार टॉलस्टॉय यांची ‘खोटं कूपन’ ही कथा. तिथे अडीच रुबलांच्या कूपनवर, म्हणजे नोटेसारख्या चालणाऱ्या कागदावर, आकड्यापुढे एक लावून साडेबारा केले जातात. कथेचे दोन भाग आहेत: पहिल्यात पाप हातोहात पसरतं, दुसऱ्यात पश्चात्ताप तसाच पसरतो. ब्रेसाँनी दुसरा भाग जवळजवळ पूर्ण गाळला. इव्हाँ कॅफेत शिपायांसमोर उभा राहून मोजक्या शब्दांत खुनांची कबुली देतो, तिथेच चित्रपट संपतो. कथा वाचायची असेल तर चित्रपटानंतर वाचा. आधी वाचलीत तर तो दुसरा भाग मनात घेऊन बसाल आणि त्या कबुलीजबाबाला आपल्याच पदरचा दिलासा जोडाल. ब्रेसाँनी तो दिलेला नाही.