मोठ्याने वाचून पाहा

सर्वांना येशूच्या नावाने सलाम.

पाळकसाहेबांनी विषय दिला आहे, ‘ख्रिस्ती घरात कोणती पुस्तकं असावीत’. आपल्या मंडळीच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून त्यांनी मला उभं केलं असावं. काहीजण वही-पेन घेऊन आले आहेत, पण मी यादी आणलेली नाही. पूर्वी मी याद्या करून वाटायचे. लोक मनापासून ती पुस्तकं विकत घ्यायचे आणि ती टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये उभी राहायची. पुढच्या नाताळाला झाडलोट करताना हातात यायची, तेवढीच. त्यामुळे आज एकच गोष्ट सांगणार आहे. पुस्तक घेण्याआधी, किंवा घेतल्यावर पहिल्याच दिवशी, त्यातलं एक पान घरात मोठ्याने वाचून पाहा.

प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय आठवा. कांदके राणीचा खजिनदार यरुशलेमहून परत निघालाय. गज्जाकडे जाणारा रानातला रस्ता, रथात बसून तो यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. सुवार्ता सांगणारा फिलिप्प धावत रथापाशी जातो आणि विचारतो, वाचता ते समजतं का? मी लहानपणापासून हा भाग ऐकत आले, पण फिलिप्पाला कळलं कसं की हा यशया वाचतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो मोठ्याने वाचत होता! फिलिप्पाने वाचन ऐकलं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्या काळी माणसं एकटी असली तरी बहुधा आवाज काढूनच वाचत. मनात वाचला असता तर रथ तसाच निघून गेला असता.

आपल्या मराठीतला ख्रिस्ती ग्रंथ जन्मला तोही असाच, कानासाठी. मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत त्यात. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या तुम्ही शाळेत पाठ केल्या असतील. पण त्यांनी ओवी का निवडली, याचा विचार करा. नव्याने ख्रिस्ती झालेली माणसं पुराण ऐकत वाढलेली होती. त्यांना वाचता येवो न येवो, रविवारी देवळात बसून ऐकता येत होतं. पुढे तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी तेच केलं. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, अभंग लिहिले, येशूचं चरित्र ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते काम अपुरं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि पंडिता रमाबाई! केडगावच्या मुक्तिसदनात, म्हणजे निराधार बायकांच्या आपल्या आश्रमात राहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणलं. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायका-मुलींच्या हातांनी ते छापलं गेलं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. संस्कृतवर एवढा अधिकार असलेल्या बाईने भाषा मुद्दाम सोपी केली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता आजच्या पुस्तकांकडे येऊ. आपल्याकडे येणारी बरीचशी ख्रिस्ती पुस्तकं भाषांतरित असतात. त्यात वाईट काही नाही, पवित्र शास्त्रही भाषांतरच आहे. पण एखादं पुस्तक उघडावं आणि पहिलंच वाक्य असावं, ‘तो जो आपल्या जीवनाच्या क्षेत्रांमध्ये देवाला प्रवेश करण्याची परवानगी देतो, तो विजयाचा अनुभव घेण्यास सक्षम बनतो.’ मनात वाचलं की हे खपून जातं, आत्मिक वाटतं. हेच संध्याकाळच्या प्रार्थनेत आजीसमोर मोठ्याने वाचा. आजी विचारेल, म्हणजे काय रे? आणि तुम्हाला सांगता येणार नाही. ज्याने भाषांतर केलं त्यालाही बहुधा सांगता आलं नसतं. असं पुस्तक खाली ठेवा. कव्हर कितीही चकचकीत असो, लेखक परदेशात कितीही नावाजलेला असो.

शब्दांची दुसरीही एक अडचण आहे आणि ती आपल्या घरातली आहे. आपली मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. गेल्या पावसाळ्यात रविवारच्या शाळेत मी पाचवी-सहावीच्या मुलांना येशू तारणारा आहे, तारण त्याच्यापाशी आहे, असं शिकवत होते. पाठ झाल्यावर एक मुलगी जवळ आली आणि अगदी मनापासून विचारलं, “काकू, तारण म्हणजे बँकेत सोनं ठेवतात तेच ना? आमच्या नाक्यावर बोर्ड आहे, सोने तारण कर्ज.” मी तिथेच थांबले. चाळीस वर्षं मी हा शब्द प्रार्थनेत वापरतेय, आणि तिच्या जगात तो फक्त त्या बोर्डावर आहे. मग तिला तारणे सांगितलं. पुरात वाहून जाणाऱ्याला ओढून काठावर आणणं, तोच शब्द. पेत्र पाण्यात बुडायला लागला आणि येशूने हात धरला ती गोष्ट आम्ही पुन्हा वाचली. तेव्हापासून मुलांसाठी पुस्तक निवडताना मी आधी मूलच समोर बसवते. त्याने एक पान वाचायचं, अडेल त्या शब्दावर बोट ठेवायचं. पानात दोन-तीन शब्द अडले तर उत्तम, त्यावर बोलणं होतं. दहा अडले तर त्या पुस्तकाची वेळ अजून आलेली नाही. एकही अडला नाही तर बहुतेक वेळा ते पुस्तक रंगीत चित्रांचं असतं. त्यात नोहाच्या तारवात हसरे हत्ती-जिराफ असतात, पण पाऊस कशासाठी आला याचा पत्ता नसतो. मुलांना इतकं जपायची गरज नाही. योसेफाला भावांनी विकलं हे मूल नीट समजू शकतं, त्याच्याही घरात भांडणं असतात.

घरात पवित्र शास्त्र कोणतं असावं, हे मला बऱ्याच जणी विचारतात. ठाण्यात आता घरं मिसळलेली आहेत. वसईची कॅथलिक मुलगी नगरच्या प्रॉटेस्टंट घरात सून म्हणून येते, ऐरोलीचा मुलगा जालन्याकडची मुलगी करतो. लग्नात बायबल भेट देताना एवढं लक्षात ठेवा, की प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात आणि कॅथलिक बायबलात ७३. टोबित, यहूदीत, मक्काबी वगैरे सात पुस्तकं कॅथलिक जुन्या करारात असतात. सून ज्या बायबलातून लहानपणी वाचायला शिकली ते तिच्या हाताशी राहू द्या. एकाच घरात दोन असली म्हणून काही बिघडत नाही. माझ्या शेजारणीकडे फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. आम्ही कधीकधी एकच स्तोत्र दोन्हींतून वाचतो, आधी ती, मग मी. मंडळीच्या उपासनेत मात्र मला जुनीच भाषा हवी वाटते. तेविसावं स्तोत्र म्हणताना सगळ्यांचे ओठ एकदम हलले पाहिजेत. कॅथलिक बंधू-भगिनींसाठी आणखी एक सोपी खूण आहे. धर्मशिक्षणाचं पुस्तक घेताना सुरुवातीच्या पानावर बिशपांची छापण्याची परवानगी, म्हणजे ‘इम्प्रिमातुर’, आहे का ते बघा. आपल्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून आपल्याला जास्त जागं राहावं लागतं.

एकच पुस्तक सांगा, असा कुणी हट्टच धरला तर मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ सांगते. नवल वाटेल, कारण हे पुस्तक ख्रिस्ती दुकानात शोधावं लागत नाही, कुठल्याही मराठी वाचनालयात मिळतं. आपल्या ठाण्यात तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून गेलं तेही कुणी उपदेश केला म्हणून नाही, स्वतः विचार करून गेलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. विश्वासात येणाऱ्याचा आनंद सांगणाऱ्या साक्षी पुष्कळ छापल्या जातात. मागे राहिलेल्या माणसाचं दुःख इतक्या प्रेमाने सांगणारी पुस्तकं फार थोडी आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणांचे मामा-मावश्या, चुलत भावंडं हिंदू आहेत, गणपतीला बोलावतात, नाताळात आपल्याकडे येतात. त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता येईल असं हे ख्रिस्ती पुस्तक आहे. ज्या पुस्तकातल्या चार ओळी नातेवाइकांसमोर वाचायची मला लाज वाटेल, ते मी मंडळीच्या कपाटात ठेवत नाही. येशूवर प्रेम करायला शिकवताना शेजाऱ्याच्या देवघराची थट्टा करावी लागत नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगणं सोपं नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या सभेच्या बाहेर मी आरोग्यदानावरचं, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होण्यावरचं, एक पुस्तक घेतलं. गर्दी होती, मागच्या कव्हरवरचा मजकूर चांगला वाटला, दोन प्रती उचलल्या. त्यातली एक मी आपल्या मंडळीतल्या एका ताईंना दिली. त्यांची केमोथेरपी चालू होती. मी स्वतः ते पुस्तक वाचलं नव्हतं. पंधरा दिवसांनी भेटायला गेले. पुस्तक उशाशी होतं आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या म्हणाल्या, “ताई, माझा विश्वास कमी पडतोय का गं?” मी ते पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की आजार टिकून राहतो तो विश्वासाच्या कमतरतेमुळे. मला बोलायला सुचेना. शेवटी त्यांच्याच उशाचं शास्त्र घेतलं आणि योहानाचा नववा अध्याय वाचला. शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि यांनीही नाही. मग पौलाच्या शरीरातल्या काट्याचा भाग वाचला. तीनदा विनंती करूनही तो काटा निघाला नाही, आणि पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. पुढच्या फेब्रुवारीत त्या प्रभूकडे गेल्या.

ते दुमडलेलं पान, पुस्तक देण्याआधी, त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी मोठ्याने वाचलं असतं, तर माझी जीभ तिथेच अडली असती. एकांतात वाचताना डोळे अशा वाक्यावरून घसरून जातात. समोर आजारी माणूस असला की आवाज फुटत नाही. तेव्हापासून आपल्या कपाटाचा नियम आहे: दोन माणसांनी पूर्ण वाचल्याशिवाय पुस्तक आत जात नाही. त्यातला एक पाळक किंवा मंडळीचा वडील, आणि दुसरं कुणीही, पण ते पुस्तक ज्याच्यासाठी आहे त्याच्यासारखं. नव्या नवरा-बायकोंसाठी असेल तर नवं जोडपं, म्हाताऱ्यांसाठी असेल तर म्हातारं माणूस. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दोघं आपलं नाव लिहितात. याने कपाट हळू भरतं, हे खरं आहे.

मंडळीसाठी आणखी एक प्रकारचं पुस्तक हवं, ते म्हणजे आपल्या स्वतःच्या गोष्टीचं. आपण बसलो आहोत त्या ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी विश्वासासाठी प्राण दिले. थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा दुसरा धर्मबंधू इथे आला, त्यांच्या अस्थी गोळा करून पुढे चीनपर्यंत घेऊन गेला. इटलीला परतल्यावर १३३० मध्ये त्याने आपला प्रवास तोंडाने सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला. ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, असं त्याने सांगून ठेवलंय. सातशे वर्षांपूर्वी, याच खाडीच्या काठी, पंधरा घरं! आपल्या तरुण संघाला मी विनंती करते, की मंडळीतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जा, त्यांना बोलतं करा आणि लिहून घ्या. नगरहून, संगमनेरहून इकडे कारखान्यात कामाला आलेली पहिली माणसं कुणाच्या खोलीत प्रार्थनेला जमत होती, पेटी कुणाची होती, कोणती गीतं म्हणत होती. अजून चार-पाच जण आहेत. मोबाईलवर आवाज घ्या, मग उतरवा.

पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र शेवटच्या पानावर उघडा. माणूस तुरुंगात आहे, हिवाळा जवळ आलाय, मरण समोर दिसतंय. तो दोन वस्तू मागवतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, आणि पुस्तकं. त्यातही चर्मपत्रं नक्की आण म्हणतो.

कपाट आज साडेबारापर्यंत उघडं आहे. पण त्याआधी, मघाशी ज्या मुलीची गोष्ट सांगितली, ती आता सहावीतून सातवीत गेलीय आणि तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली आहे. ती आपल्यासाठी प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय, सव्विसाव्या वचनापासून वाचणार आहे. तिला ‘खजिनदार’ आणि ‘यरुशलेम’ला थोडा वेळ लागेल. मध्येच कुणी शब्द सुचवू नका. ये बेटा, माईक थोडा खाली घे.