चेंडू टोकावर थांबतो तेव्हा

हा चेंडू सरळ वर फेकला आहे. हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला १९.६ मीटर होता; पुढचा हिशेब सोपा व्हावा म्हणून हा आकडा मुद्दाम निवडला आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर एका सेकंदाने वेग निम्मा, म्हणजे ९.८ मीटर उरतो आणि दुसऱ्या सेकंदाच्या शेवटी शून्य होतो. चित्र इथेच थांबवू. या क्षणी चेंडूवर कोणते बल आहे, असे विचारले की पुष्कळ विद्यार्थी ‘कोणतेच नाही’ म्हणतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण थांबलेल्या वस्तूवर बल नसणार, असेच कुणालाही प्रथम वाटते.

गुरुत्वाकर्षणाने मात्र चेंडूला क्षणभरही सोडलेले नसते. वर जाताना, अगदी टोकावर आणि खाली येतानाही त्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका बदलतच असतो. वेगबदलाच्या या दराला त्वरण म्हणतात. टोकावर वेगाबरोबर त्वरणही शून्य झाले असते, तर चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता.

आता अंतरे पाहा. पहिल्या सेकंदात चेंडू १४.७ मीटर चढला, दुसऱ्यात फक्त ४.९ मीटर. उतरताना हाच क्रम उलटा होतो: आधी ४.९, मग १४.७, म्हणजे एकास तीन. पडणे आणखी चालू राहिले असते, तर पुढच्या सेकंदांत हे प्रमाण पाच, सात असे वाढत गेले असते. हा विषम संख्यांचा नियम गॅलिलिओने शोधला. सरळ पडणारी वस्तू त्या काळच्या घड्याळांच्या आवाक्यात नव्हती, म्हणून त्याने लाकडी फळीत गुळगुळीत खाच कोरली, फळी तिरपी ठेवून खाचेतून कांस्याची गोळी सोडली आणि तेवढ्या वेळात एका भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलले. जितके पाणी, तितका वेळ. पिसा शहरातल्या झुकत्या मनोऱ्यावरून वस्तू टाकल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते; खरे कौतुक या तराजूचे व्हायला हवे. हे प्रयोग १६३८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

जड वस्तूवर गुरुत्वाचे बल अधिक असते, पण तिचे जडत्वही, म्हणजे वेगबदलाला होणारा विरोधही, त्याच प्रमाणात अधिक असल्याने त्वरण सारखेच राहते. १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा हवेअभावी दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले.

चंद्रावर हे त्वरण दर सेकंदाला १.६२ मीटर प्रति सेकंद आहे. आपला चेंडू त्याच वेगाने तिथे फेकला, तर तो सुमारे १२ सेकंद चढत राहील. जवळजवळ ११९ मीटरवर त्याचा वेग शून्य होईल, आणि त्या क्षणीही त्वरण १.६२ च असेल.